आम्हाला पैशाचं काही नाही हो!

मराठी माणसाला त्याचा पगार विचारून बघा. तो आधी इकडेतिकडे पाहील, मग "चाललंय, देवाच्या दयेने" असं पुटपुटेल आणि गाडी पावसावर नेईल. हाच माणूस मुलीसाठी स्थळ बघायला गेला की कांदेपोह्यांची बशी हातात पडायच्या आत विचारतो, "पॅकेज किती? नाही, म्हणजे कापून हातात किती येतात?" फ्लॅट कुणाच्या नावावर आहे, कर्जाचे हप्ते किती उरलेत, गावच्या घरात धाकट्याचा वाटा आहे की सोडलाय, सगळं अर्ध्या तासात बाहेर काढतो. इतकी कसून झडती आयकर खातंही घेत नाही. लग्न झालं की तोंडाला कुलूप. पुढची पस्तीस वर्षं त्या घरात नवऱ्याच्या कमाईचा आकडा बायकोला अंदाजाने माहीत असतो, आणि बायकोच्या कमाईचा सासूला पैपैशानिशी.

वर पुन्हा ऐकवायचं, "आम्हाला पैशाचं काही नाही हो." हॉटेलात बिल आल्यावर काउंटरशी जी झटापट होते ती बघावी. एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं, दुसऱ्याने पाकीट उंच धरलेलं, आणि मॅनेजर मख्खपणे बडीशेप पुढे सरकवतोय. क्यूआर कोड आल्यापासून ही कुस्ती नेटवर्कवर ठरते. ज्याचा फोन आधी चालतो तो हरतो. हरलेला गडी रिक्षात बसताच बायकोला सांगतो, "मागच्या वेळीही आपणच दिले होते. त्याआधी पुण्यातसुद्धा." हॉटेल, वार, थाळीचा दर, सगळं तोंडपाठ. पैशाचं काही नाही म्हणे.

या विरक्त समाजाची खरी चोपडी बघायची असेल तर कुठल्याही घरातली आहेराची वही उघडावी. लांबट, लाल पुठ्ठ्याची, पहिल्या पानावर 'श्री' आणि हळदीकुंकवाची बोटं. आत नाव, गाव, रोख, वस्तू असे रकाने. 'गिरगावच्या मावशी : रु. ५१ व स्टीलचा डबा (झाकण सैल).' 'ऑफिसचे लोक मिळून : मिक्सर, नावं मागच्या पानावर.' 'ठाण्याचे भाऊजी : पाकीट रिकामं निघालं, विचारू नये.' असा शेरा मारायला चार्टर्ड अकाउंटंटचीही छाती होणार नाही. ही वही कपाटात पैठणीच्या घडीखाली जपलेली असते. समोरून लग्नपत्रिका आली की ती निघते, चष्मे निघतात आणि नवराबायको शेजारी शेजारी बसून, चक्क एकमेकांशी बोलून, हिशेब करतात. "त्यांनी आपल्याला ८९ साली १०१ दिले होते. आता ५०१ तरी घालायला हवेत, नाही का?" मग वर रुपया चिकटवलेलं एक पाकीट शोधून काढलं जातं आणि पाचशेची नोट त्यात विराजमान होते.

महागाई वर्षाला ७ टक्के धरली तर १९८९ चे १०१ रुपये २०२५ मध्ये साडेअकराशेच्या आसपास भरतात. म्हणजे आपण निम्म्याहून कमी परत केले आणि "फिटलं बरं का" म्हणत वही मिटली. समोरच्याच्या वहीतही ते फिटलेलंच लिहिलं जातं, म्हणून भांडण होत नाही. पण याच डोक्याने आपण स्वतःची ठेवही मोजतो. लाखाचे बारा वर्षांत दोन लाख झाले (६ टक्क्यांनी होतातच) की देवापुढे पेढे. त्या बारा वर्षांत डाळीने आणि डॉक्टरने केवढी उडी मारली, ते ठेवीच्या पावतीवर छापायची पद्धत नाही.

तर हिशेब आपल्याला येतो. उत्तम येतो. फक्त तो परक्याच्या ५१ रुपयांचा असावा लागतो. घरातल्या पैशांचा विषय निघाला की आपल्याला एकदम सोवळं आठवतं.

या सोवळ्याला साक्षीदार म्हणून संतांना उभं करायची आपली जुनी खोड. "आपण तुकोबांच्या मातीतले, आपल्याला काय करायचाय पैसा!" अहो, तुकोबांचं घर वाण्याचं. घरात महाजनकी होती, सावकारी होती. कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवल्याची कथा शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या कथेतला आधीचा भाग मात्र आपण कीर्तनात डुलकी काढून घालवलेला असतो. परंपरा सांगते की तुकोबांनी आधी सगळी खतं बाहेर काढली, निम्मी धाकट्या भावाला, कान्होबाला, वाटून दिली आणि मग फक्त स्वतःच्या वाट्याची नदीत सोडली. बुडवण्याआधी वाटणी! कुणाकडून किती येणं आहे हे ठाऊक असलेल्या माणसाने ते येणं सोडलं. आपल्याला आपली एफडी कुठल्या शाखेत आहे ते आठवत नसतं, आणि त्याला आपण वैराग्य म्हणतो.

शेजारच्या इमारतीतले एक गृहस्थ गेले. माणूस टापटिपीचा, चपलासुद्धा जिन्याकडे तोंड करून काढायचे. पत्नी निवृत्त शिक्षिका, विषय गणित. फळ्यावर चक्रवाढ व्याज सोडवून दाखवण्यात जन्म गेलेल्या त्या बाई तेराव्यानंतर एका निळ्या रेक्झिनच्या पिशवीपुढे बसल्या. आत जुनी विजेची बिलं दोऱ्याने बांधलेली, टीव्हीचं वॉरंटी कार्ड (टीव्ही केव्हाच भंगारात), आणि ठेवींच्या काही पावत्या, त्यातल्या तीन मुदत उलटून गेलेल्या. नॉमिनी म्हणून गृहस्थांच्या आईचं नाव; ती माउली जाऊन वीस वर्षं झालेली. ओटीपी येणार गृहस्थांच्या फोनवर आणि फोन उघडणार गृहस्थांच्या अंगठ्याने. परदेशातून मुलगा व्हिडिओ कॉलवर विचारत होता, "आई, बाबांनी तुला काहीच सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतं ना," बाई म्हणाल्या. "तू काळजी करू नकोस, असं."

अशा काळजी न केलेल्या रकमा जातात कुठे? दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होतात. मार्च २०२४ अखेर त्यात ७८ हजार कोटी रुपयांहून अधिक पडून होते. ते बुडालेले नसतात; वारसाने कागद दाखवले तर परत मिळतात, आणि शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं पोर्टलही आहे. पण काहीतरी होतं एवढं तरी घरच्यांना माहीत हवं ना! नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार नॉमिनी लावता येतात. आनंद आहे. आमच्याकडे एक लावतानाच "आत्ता कशाला ते अभद्र" असं होतं. बरं, नॉमिनी लावला की सुटलो असंही नाही. तो रक्कम ताब्यात घेणारा, मालकी वारसांची. शेअर आणि म्युच्युअल फंडांच्या बाबतीत हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं, आणि प्रकरण होतं कालनिर्णयकार जयंत साळगावकरांच्या वारशाचं. एकादशीपासून संकष्टीच्या चंद्रोदयापर्यंत सगळं ज्यांनी उभ्या महाराष्ट्राच्या भिंतीवर टांगून दिलं, मृत्युपत्रही ज्यांनी करून ठेवलं होतं, त्यांच्या घरचा कागददेखील दिल्लीपर्यंत जाऊ शकतो. आपण तर 'मृत्युपत्र' शब्द ऐकला तरी लाकडाला हात लावणारे.

बाप गप्प बसला की त्याची किंमत मुलगा भरतो, तीही व्याजासकट. १९९२ साली, हर्षद मेहताच्या दिवसांत, एसीसीचा शेअर दोनशेच्या घरातून नऊ हजारांपर्यंत गेला तेव्हा लोकलच्या डब्यात भजनाऐवजी भाव चालायचे. पतपेढीचं कर्ज काढून ऐन शिखरावर खरेदी करणारे कारकून होते, प्राध्यापक होते, बायकोच्या पाटल्या गहाण टाकणारेही होते. पुढे काय झालं ते सांगायला नको. त्या काळातली शेअर सर्टिफिकेटं आजही कपाटाच्या तळाशी, अंथरलेल्या वर्तमानपत्राखाली सापडतात; कितीतरी कंपन्यांचा पत्तासुद्धा उरलेला नाही. ही गोष्ट त्या बापाने कुणाला सांगितली? कुणालाही नाही. घरात फक्त निकाल जाहीर झाला : शेअर म्हणजे जुगार. किती घालवले, कुणाच्या टिपेवर घालवले, भाव पडायला लागल्यावरही का विकले नाहीत, हे सगळं त्या वर्तमानपत्राखाली.

तीस वर्षांनी मुलाने फोनवर ॲप उतरवलं. टेलिग्रामवर त्याला एक 'सर' भेटले, ज्यांच्या फोटोत मागे नेहमी एक मोटार असते. आता मुलगा ऑप्शन खेळतो, बहुधा बाथरूममधून. सेबीचे आकडे बघा. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ टक्के तोट्यात गेले आणि सगळ्यांचे मिळून १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक बुडाले. २०२४-२५ मध्ये तोट्यातले ९१ टक्के. दहातले नऊ तसेच, साखर वाटा. त्या एकाच वर्षात गेलेली रक्कम १ लाख ५ हजार कोटींच्या वर. पण मला सेबीचा आणखी एक आकडा जास्त बोलका वाटतो. वर्षामागून वर्ष तोटा सोसलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोक खेळतच राहिले. का राहणार नाहीत? घरी "गेले" असं म्हणायची सोय नाही. म्हणून आधी परत मिळवू, मग सांगू. निफ्टीच्या साप्ताहिक मुदतीचा वार पूर्वी गुरुवार होता, दत्ताचा. सप्टेंबर २०२५ पासून तो मंगळवार झाला, गणपतीचा. आणि सेन्सेक्सने मंगळवार सोडून गुरुवार धरला. देवांची आपसांत बदली झाली, पोरांचे उपास चालूच.

आणि शेजारच्या खोलीत बाप मॅच बघत बसलेला असतो. या विषयातलं त्याचं ज्ञान रोख मोजून घेतलेलं, बाजारातल्या कुठल्याही सरांपेक्षा महागाचं. ते घरात फुकट मिळालं असतं. पण त्यासाठी बापाला "मी घालवले" असं म्हणावं लागलं असतं, आणि मुलाला "मीही" असं. त्यापेक्षा दोघांना बुमराहची चौथी ओव्हर बरी.

जानेवारी २०२५ मध्ये दादरला टोरेसच्या शोरूमसमोर पैसे बुडालेल्यांची जी गर्दी उसळली तिच्यात भाजीवाल्यापासून नोकरदारापर्यंत सगळे होते. मॉइसनाइटचे खडे घ्यायचे आणि दर आठवड्याला परतावा घ्यायचा, अशी ती योजना. टीव्हीसमोर बसलेल्यांनी लगेच निकाल दिला : लोभी लोक. मला तसं म्हणवत नाही. लोभ कुणाला नसतो? टीव्हीसमोरच्यांना होताच, फक्त त्यांना शोरूम ठाऊक नव्हती. अशा योजनेत समजा आठवड्याला ६ टक्के सांगितले आणि ते तिथेच फिरवत ठेवले, तर लाखाचे वर्षाअखेर वीस लाखांच्या वर होतात. हे गणित जमत नाही असं एकही घर दादरमध्ये नसेल. पण ते करायला विषय घरात निघावा लागतो. "आठवड्याला सहा टक्के देतायत" एवढं वाक्य जेवताना मोठ्याने म्हटलं असतं, तरी स्वयंपाकघरातून प्रश्न आला असता, "कुठून देतायत?" तो प्रश्न येऊ नये म्हणूनच तर म्हटलं नाही. कारण अशा योजनांचा पहिला नियमच असतो : एवढ्यात कुणाला सांगू नकोस, नजर लागते.

घरच्यांना न सांगितलेलं सगळं एका माणसाला मात्र पाठ असतं. बँकेचा रिलेशनशिप मॅनेजर. तुमची एफडी परवा संपतेय हे बायकोला माहीत नसलं तरी या पंचविशीतल्या तरुणाला माहीत असतं, आणि तो उद्याच फोन करतो. "काका, तब्येत कशी आहे? काकूंचा गुडघा?" सख्खा पुतण्या गुडघा विचारत नाही. काका विरघळतात, आणि पाच वर्षांच्या एफडीची पंधरा वर्षांची विमा पॉलिसी होते. काकांचं वय ७१. सहा महिन्यांनी तो मुलगा दुसऱ्या बँकेत गेलेला असतो. गुडघा आहे तिथेच.

सोन्याबद्दल काय बोलावं? एप्रिल २०२५ मध्ये दहा ग्रॅमचा भाव लाखावर गेला तेव्हा घरोघरी आपण श्रीमंत झाल्याचा साक्षात्कार झाला. विकलं कुणी? छे. गुंतवणूक म्हणून घ्यायचं, लॉकरचं भाडं भरायचं आणि मोडायचा विषय काढला की घरात सुतक. मुलाच्या शिक्षणाला ११ टक्क्यांनी कर्ज काढतील, पण पाटल्या तशाच.

यात वेगळ्या निघाल्या त्या भिशीच्या बायका. आपण त्यांना हसतो. साड्या, उपमा आणि कागाळ्या, एवढंच आपल्याला दिसतं. पण तिथे पैसे सगळ्यांसमोर मोजले जातात. चिठ्ठी सगळ्यांसमोर उचलतात. "या खेपेला मला द्या, लेकीची फी भरायचीय" असं एखादी तोंड उघडून म्हणते आणि तिच्या अब्रूला काही होत नाही. जिचा हप्ता चुकला तिला उपमा वाढता वाढताच विचारतात, "या महिन्याचं काय गं?" याहून स्वच्छ आर्थिक संस्था मी तरी पाहिलेली नाही. बचत गटांत तर पुढची पायरी. कर्ज कशाला हवंय ते बैठकीत सांगावं लागतं आणि शेळीला म्हणून घेतलेल्या पैशात मोबाइल आला तर पुढच्या बैठकीत शेळी कुठाय असं विचारणाऱ्या वीस जणी असतात.

सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडला १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. तिच्या संस्थापक चेतना गाला सिन्हा एक किस्सा सांगतात. परवान्यासाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने फेटाळला, कारण बँक काढू पाहणाऱ्या बायकांना लिहितावाचता येत नव्हतं. बायका म्हसवडला परतल्या, काही महिने अक्षरं गिरवली आणि पुन्हा साहेबांच्या दारात. म्हणाल्या, वाचता येत नसेल, मोजता येतं. व्याज काढायला सांगा. तुमच्या माणसांनाही सांगा, कॅल्क्युलेटर न घेता. बघू कुणाचं आधी होतं. परवाना मिळाला. म्हसवडचा माण हा पाण्यासाठी टँकरची वाट बघणारा तालुका. तिथल्या बाईला आपले पैसे चारचौघांत मोजायला लाज वाटली नाही. लाज आहे ती टू बीएचकेमध्ये, जिथे दर महिन्याला पगार जमा झाल्याचा मेसेज येतो आणि माणूस तो उघडून लगेच फोन पालथा ठेवतो.

परवा आमच्या ओळखीच्या एका घरी या पालथ्या फोनला धक्का बसला. रविवार सकाळ. दोघेही साठीच्या पुढचे. चहा ठेवायची पाळी यजमानांची. बाई टेबलाशी बसल्या होत्या, समोर कोरी वही.

"अहो, आपले सगळे मिळून किती आहेत?"

"कशाला? तुझ्या भावाला हवेत का?"

"नाही."

"मग तुला काही कमी पडतंय का? तसं सांग ना."

"काही कमी नाही."

यजमानांचा आवाज बदलला. "डॉक्टरांनी रिपोर्ट बघून काही सांगितलं का? खरं सांग, मला काही होत नाही."

"रिपोर्ट नॉर्मल आहेत हो. मोजायचेत फक्त."

त्यांनी आधी गॅस बंद केला, मग तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. तरी त्यांनी मुलीला फोन लावला.